कुत्र्यांची तपासणी झाली, माणसांची राहिली

गेल्या कोजागिरीला आम्ही पाच मित्र आणि आमचे दोन कुत्रे वैनगंगेच्या काठी मुक्कामाला होतो. भंडारा जिल्ह्यात एका मित्राचे शेत नदीला लागून आहे. शेत संपते तेथून झुडपी जंगल सुरू होते. अभयारण्यात पाळीव कुत्री नेता येत नाहीत, म्हणून आम्ही हीच जागा पसंत केली. दोन रात्री तंबूत काढल्या. चुलीवर दूध आटवले, गवतावर पाठ टेकून चंद्र पाहिला, ओले कपडे झुडपांवर वाळत घातले. कुत्रे दिवसभर नदीत डुंबत आणि रानात हुंदडत होते.

दोन्ही कुत्र्यांना निघण्यापूर्वी रेबीज व लेप्टोची लस दिलेली होती. रोज सायंकाळी कंदिलाच्या उजेडात त्यांचे कान, मान आणि बोटांमधल्या फटी आम्ही गोचिडींसाठी निरखून पाहत असू. आपल्या अंगाकडे मात्र कोणीही पाहिले नाही. त्या पाच जणांत एक डॉक्टर होता, हे सांगताना आज संकोच वाटतो.

बाराव्या दिवशी, वसुबारसेला, मला थंडी वाजून ताप भरला. डोके असह्य दुखू लागले, अंग मोडून आले. ऋतू बदलाचा ताप असेल, असे स्वतःच ठरवून मी पॅरासिटामॉल घेत राहिलो. सहलीचा विचारही मनात आला नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे पत्नी म्हणाली, ‘‘अहो, अंघोळ राहू द्या, पण तेलाचे बोट तरी लावून घ्या.’’ तेल लावता लावता तिचा हात थांबला. ‘‘कमरेला हा चटका कशाने बसला?’’

पट्ट्याच्या रेषेखाली, मला दिसणार नाही अशा जागी, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली होती. ती दुखत नव्हती, खाजतही नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा स्क्रब टायफस होता. 2018 साली नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत या रोगाची साथ आली होती, तेव्हा अशा खपल्या मी रुग्णांच्या अंगावर शोधल्या होत्या. स्वतःच्या अंगावर शोधायचे सुचले नाही.

घरात पहिला संशय कुत्र्यावर गेला, पण तो निर्दोष होता. हा रोग चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किडीच्या चावण्यातून होतो. तिचे पिल्लू नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. गवतात, झुडपांत आणि नदीकाठच्या ओलसर जमिनीवर, विशेषतः जेथे उंदीर-घुशी असतात तेथे ते आढळते. ‘स्क्रब’ म्हणजे खुरटी झुडपे. आमच्या मुक्कामाच्या जागेचे नावच रोगाच्या नावात आहे! ताप साधारणपणे चावल्यापासून 6 ते 21 दिवसांत येतो. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही.

तज्ज्ञ मित्राने रक्त तपासणीस पाठवले आणि अहवालाची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन सुरू केले. 48 तासांत ताप उतरला. वेळेवर ओळखला तर हा रोग इतक्या साध्या औषधाला दाद देतो. ओळखला नाही तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदू यांवर घाला घालून प्राणावरही बेतू शकतो. तापात सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके येथे निरुपयोगी ठरतात. म्हणून निदान महत्त्वाचे, आणि निदानाचा धागा बहुधा रुग्णाच्याच हाती असतो.

रानात जरूर जावे. मुलांना न्यावे, कुत्र्यांनाही न्यावे. मात्र अंगभर कपडे घालावेत, विजारीचे टोक मोज्यात खोचावे, उघड्या त्वचेला कीटकरोधक मलम लावावे. गवतावर थेट न बसता जाड ताडपत्री अंथरावी. कपडे झुडपांवर वाळवू नयेत. परतल्यावर साबणाने स्वच्छ अंघोळ करावी व सहलीतले कपडे गरम पाण्यात धुवावेत. त्यानंतर काख, जांघ, कंबर, गुडघ्यामागची बाजू आणि स्त्रियांनी स्तनांखालची त्वचा पाहावी. पाठ पाहण्यासाठी घरच्यांची मदत घ्यावी. खपली प्रत्येक रुग्णात दिसतेच असे नाही, त्यामुळे ती नसली तरी तापाकडे दुर्लक्ष करू नये.

सहलीनंतर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, ‘‘मी अमुक दिवशी जंगलात, नदीकाठी मुक्कामाला होतो.’’ डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नये. गर्दीत तो प्रश्न राहून जातो. गर्भवतींनी व लहान मुलांच्या पालकांनी तर हे आवर्जून सांगावे, कारण त्यांच्यासाठी औषधाची निवड वेगळी असू शकते. स्वतःच्या मनाने औषध मात्र कोणीही घेऊ नये.

यंदाच्या कोजागिरीला आम्ही पुन्हा तेथेच जाणार आहोत. सायंकाळी कंदील पेटला की आधी कुत्र्यांची तपासणी होईल आणि लगेच आमची.