वहीवर शून्य, लॅपटॉपवर अठरा टक्के

1 जून ते 31 जुलै हे दोन महिने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मुरूड, श्रीवर्धन, रेवदंड्याच्या कोळीवाड्यांत होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि घरात पैसा नसतो. महाविद्यालयीन प्रवेशांचा हंगाम नेमका याच सुमारास येतो. मुलीला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा जवळच्या एखाद्या महाविद्यालयात संगणकाच्या अभ्यासक्रमाला जागा मिळते, आणि स्वस्तातला लॅपटॉप कोणता घ्यावा हा प्रश्न घरापुढे उभा राहतो. दुकानदार त्याचे उत्तर हप्त्यांच्या तक्त्यात शोधतो. शासनाच्या लेखी हा प्रश्नच नाही. चळवळीतील काही जाणते कार्यकर्तेही ‘मध्यमवर्गीयांची हौस’ म्हणून तो बाजूला सारतात. ही शेवटची चूक सर्वांत महाग पडणारी आहे.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्याची गरज मुळात माफक असते. 8 जीबी मेमरी, ती पुढे 16 जीबीपर्यंत वाढवण्याची सोय, 256 जीबीची एसएसडी, चांगला कळफलक आणि वीज गेल्यावर काही तास तग धरणारी बॅटरी एवढ्यावर पहिली वर्षे निभावतात. खेळांसाठी लागणारे महागडे ग्राफिक्स कार्ड तिला नको असते. पण स्वस्त म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक यंत्रांत मेमरी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती कमी पडू लागली की वाढवता येत नाही आणि सबंध यंत्रच बदलावे लागते. आज वाचलेले चार पैसे दोन वर्षांनी दामदुपटीने वसूल होतात. म्हणून गरिबाने किमतीच्या आधी, मेमरी वाढवता येते काय, हे विचारले पाहिजे.

‘मोबाइलवर शिकावे, त्यात काय बिघडले?’ असा उपदेश करणारेही पुष्कळ आहेत. तो करणाऱ्यांपैकी किती जण स्वतःच्या मुलाला मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पाचशे ओळींचा प्रोग्राम लिहायला आणि त्यातील चुका शोधायला लावतात? मोबाइल ऐकण्या-पाहण्याच्या कामी येतो. घडवण्याचे काम शिकायला हत्यार लागते, आणि हत्याराविना कारागीर तयार होत नाही.

आता शासनाची नीती पाहावी. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या आणि पेन्सिलींवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला. शिक्षणाच्या साधनावर कर नको हे तत्त्व त्यात आहे आणि ते योग्यच आहे. मग संगणक शिकणाऱ्या विद्यार्थिनीची वही कोणती? तिच्या लॅपटॉपवर 18 टक्के कर कायम आहे. 35,000 रुपयांच्या यंत्रात सुमारे 5,340 रुपये कराचेच असतात. सोन्यावर मात्र 3 टक्के. ज्या देशात दागिन्यावर तीन आणि विद्येच्या हत्यारावर अठरा टक्के कर आहे, त्या देशाच्या ‘डिजिटल’ घोषणांची किंमत किनाऱ्यावरच्या माणसाने स्वतःच ठरवावी.

सवलत द्यायला पैसा नाही, ही सबब टिकत नाही. राज्याच्या 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना मुद्रांक शुल्क आणि वीजशुल्क यांत माफी आहे. याच रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ 2020 पासून एक प्रचंड डेटा सेंटर चालू आहे. 2025 च्या अखेरीस जगभरच्या डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरीचे भाव भडकले आणि मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीची आपली ‘क्रुशल’ मेमरी बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या धंद्याच्या भुकेने विद्यार्थ्याचे यंत्र महागते, त्याला माफी. आणि महागाईत भरडल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून करवसुली!

दर सरसकट कमी केला तर श्रीमंतांचाही फायदा होईल, असा अर्थशास्त्रीय आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण त्याला सोपे उत्तरही आहे. महाविद्यालयाचा दाखला आणि खरेदीची पावती पाहून, ठराविक किमतीपर्यंतच्या एका यंत्रावरील कर अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्याच्या खात्यात परत करावा. शिष्यवृत्तीसाठी खाते आहेच.

दुसरा मार्ग याहून स्वस्त आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला, आणि जुनी असंख्य यंत्रे विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. धडधाकट यंत्रे केवळ कंपनीच्या फर्मानाने भंगारात निघाली. 1991 मध्ये लिनस टॉर्वल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने सुरू केलेली आणि जगभरच्या हजारो हातांनी वाढवलेली लिनक्स त्यांवर उत्तम चालते, तीही परवान्याचा एक पैसा न देता. केरळच्या शाळांत वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर संगणक शिकवला जातो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात मराठी धडेही आहेत. शासकीय कार्यालये आणि बँका जी यंत्रे लिलावात काढतात, त्यांतील माहिती पुसून, बॅटरी बदलून ती विद्यार्थ्यांना का मिळू नयेत?

1980 च्या दशकात कामगार संघटनांनी बँका आणि विम्यातील संगणकीकरणाला विरोध केला, तेव्हा त्यामागे रोजगाराची रास्त चिंता होती. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या लाभाचे, हा त्यामागचा खरा प्रश्न आजही जिवंत आहे. मात्र यंत्राकडे पाठ फिरवून तो सुटत नाही. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे जमीन कसायचे नाकारून खोतांशी झुंज दिली. ती झुंज जमिनीविरुद्ध नव्हती. न राबता हिस्सा उचलणाऱ्याविरुद्ध होती.

तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी म्हणून तीन मागण्या घेऊन तहसील कचेरीवर जावे: विद्यार्थ्याला कराचा परतावा, शासकीय जुन्या यंत्रांचे वाटप, आणि महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा संध्याकाळीही खुल्या. पुढची मासेमारी बंदी सुरू होण्याआधी हे काम हाती घेतले, तर काही घरांत तरी लॅपटॉपसाठी सावकाराचा उंबरठा झिजवावा लागणार नाही.