पासिंग झालं, पण चासीचं काय?

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. पण ज्यांची मुलं-नातवंडं शिफ्ट सुटल्यावर चाकण-तळेगाव रस्त्यानं ट्रेलरच्या शेजारून दुचाकी हाकत घरी येतात, त्यांनी तरी तो वाचावाच!

मालवाहू गाडीचं आपल्याकडे 'पासिंग' होतं. नवी गाडी पहिली २ वर्षं मोकळी, मग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग बघतात. चांगलंच आहे. पण ज्या सांगाड्यावर ४० टनांचा भार बसतो, त्या चासीत केसाएवढी चीर आहे का, हे शोधणारी चाचणी सक्तीची नाही. वरून रंगाचा हात मारला की गाडी पुन्हा तरुण!

पोलादही थकतं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. चासीचं तसंच. प्रत्येक खड्डा म्हणजे एक वाकवणं. चीर सुरू होते ती वेल्डिंगच्या कडेला, पाट्याच्या ब्रॅकेटपाशी, नाहीतर मागाहून कुणीतरी पाडलेल्या भोकापाशी. मुंगीच्या पावलानं सरकते आणि एक दिवस उरलेल्या धातूला भार पेलत नाही. मग आपण म्हणतो, "अचानक तुटलं." अचानक कसलं? ते कधीपासून तुटत होतं, बघितलं कुणी नाही!

ही विद्या नवी नाही. १८४२ साली पॅरिसजवळ रेल्वे इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे व्योलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्यानं वर्षानुवर्षं प्रयोग करून या थकव्याचं गणित मांडलं. आपली रेल्वे आजही अ‍ॅक्सल अल्ट्रासोनिक लहरींनी तपासते. मग ट्रकनंच कुणाचं घोडं मारलंय?

आणि हे सारं कुठे, तर पुण्यात! वेताळ टेकडीवर एआरएआय, भोसरीला सीआयआरटी, पिंपरीत तर ट्रकच बनतात. बाजारात येण्याआधी सुटे भाग यंत्रावर लाखो वेळा हलवून पाहतात. जन्माआधी एवढे डोहाळे आणि म्हातारपणी विचारणारं कुणी नाही!

"परवडत नाही," असं मालक म्हणतात. अहो, सांध्यावरचा रंग-गंज खरवडायचा, लाल द्रव लावून थोड्या वेळानं पुसायचा, वर पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर लाल रेघ उमटते. याला कुठली प्रयोगशाळा लागते? त्यापेक्षा ओव्हरलोड महाग पडतो. अभियंत्यांचा ढोबळ हिशेब असा, की वेल्डिंगच्या सांध्यावरचा ताण सव्वापट झाला तर त्याचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. २०१९च्या दुरुस्तीनं ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये ठेवले. पण दंडाच्या पावतीनं चीर बुजत नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत ३० वर्षांवरच्या इमारतीला दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. इमारत तर जागची हलतही नाही! १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चौघांचा जीव गेला आणि मग सगळ्यांना ऑडिट आठवलं. ट्रकच्या बाबतीतही तशीच वाट पाहायची का?

८ वर्षांवरच्या प्रत्येक अवजड गाडीच्या सांध्यांची तपासणी पासिंगमध्ये सक्तीची करा. चासीवर मारलेल्या प्रत्येक वेल्डिंगची नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. आणि कारखानदारांनो, गेटवर ड्रायव्हरच्या पायात सेफ्टी बूट आहेत का ते बघता ना? मग माल भरण्याआधी त्याच्या ट्रेलरखालीही एकदा वाकून बघा. गाडी त्याची नसते, चीर त्यानं पाडलेली नसते, पण तुटतं तेव्हा केबिनमध्ये तोच असतो.