घरातील यंत्रे : कॉपी रेंगाळते तेव्हा



हैदराबादेत काचीगुड्याला राहणाऱ्या आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांचे माहेर जालना जिल्ह्यातील एका खेड्यात. मराठवाडा १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यातच होता आणि त्या काळापासूनची सोयरीक व ये-जा अजून तुटलेली नाही. गेल्या वर्षी बाईंचे वडील वारले. त्यांना फोटोंचा मोठा नाद होता. नातवंडांचे बाप्तिस्मे, धाकट्या लेकीचे लग्न, पेरणीच्या दिवसांतले शेत, दारची बैलजोडी, असे सारे त्यांनी बाहेरून जोडावयाच्या एका हार्ड डिस्कवर साठवून ठेविले आहे. एकंदर ९० जीबी. ही डिस्क एकुलती एक असून तिची दुसरी प्रत कोठेही नाही.

आता भाऊ गावाहून यावयाचा आहे, आणि त्याच्याबरोबर हा ठेवा पेन ड्राइव्हवर घालून आईकडे पाठवावा असे बाईंच्या मनात आहे. परंतु कॉपी करावयास त्या बसल्या, तो संगणकाने ११ तास लागतील असे दाखविले. जवळच्या एका दुकानदाराने यंत्राकडे न पाहताच, ‘संगणक जुना झाला, नवा घ्या’ असा निकाल देऊन टाकला. हा निकाल मानावा काय, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे की, मानू नये. निदान थोडे गणित केल्यावाचून तरी नाही.

ज्या फटीत आपण पेन ड्राइव्ह खुपसतो त्या फटीस यूएसबी पोर्ट म्हणतात हे आता लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु दिसावयास सारख्या असणाऱ्या या फटी वेगाच्या बाबतीत सारख्या नसतात. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली, तिचा वेग सेकंदास जास्तीत जास्त १२ मेगाबिट. २००० साली दुसरी आवृत्ती आली, तिचा ४८०. २००८ साली तिसरी आली आणि वेग एकदम ५००० मेगाबिटांवर गेला. त्यानंतरच्या आवृत्त्या त्याहूनही पुढे गेल्या. येथे एक घोटाळा पुष्कळांचा होतो. जोडणीचा वेग बिटांत सांगतात आणि फाइलीचा आकार बाइटांत. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे ४८० मेगाबिट हे कागदोपत्री ६० मेगाबाइट झाले. आणि त्यांतूनही आपसांतील निरोपानिरोपीचा खर्च वजा जाता पदरात ३०-४० मेगाबाइटच पडतात. बाजारात पायली मोजून घ्यावी आणि घरी निवडून-पाखडून घेतल्यावर ती कमी भरावी, त्यांतलाच हा प्रकार.

आता बाईंचे ९० जीबी घ्या. दुसऱ्या आवृत्तीच्या जोडणीवर, सेकंदास ३५ मेगाबाइट धरले तर, हे काम पाऊण तासाच्या आत व्हावयास हवे. तिसऱ्या आवृत्तीवर हार्ड डिस्क चांगली असेल तर पाव तासाच्या सुमारास. पहिल्या, अगदी जुन्या आवृत्तीवर मात्र पुरा दिवस उलटूनही तास-दीड तास लागेल. बाईंना लागत आहेत ११ तास. म्हणजे सेकंदास सव्वादोन मेगाबाइटांहून किंचित अधिक. हा आकडा यांपैकी कोणत्याही फटीचा नव्हे! रस्ता मोकळा आहे आणि गाडी तरीही रेंगाळते आहे, तेव्हा दोष रस्त्यापेक्षा गाडीत किंवा बैलांत असण्याचा संभव अधिक. सबंध संगणक मोडीत काढण्याचे कारण या आकड्यात तरी दिसत नाही.

मग दोष शोधावा कसा? प्रवासाचे दोन टप्पे पाडावेत. बाईंच्या घरी माल हार्ड डिस्कमधून निघतो आणि पेन ड्राइव्हवर उतरतो. दोन्ही एकदम जोडल्यामुळे कोण अडवितो ते कळत नाही. म्हणून एखादी मोठी फाइल निवडावी. लग्नाची २ जीबीची चित्रफीत असली तर उत्तम. ती प्रथम हार्ड डिस्कमधून संगणकाच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर कॉपी करावी आणि घड्याळ लावून वेळ पाहावी. नंतर तीच फाइल डेस्कटॉपवरून पेन ड्राइव्हवर कॉपी करावी व पुन्हा वेळ पाहावी. पहिला टप्पा मिनिटाभरात झाला आणि दुसऱ्यास पंधरा मिनिटे लागली, तर चोर पेन ड्राइव्ह होय. उलट झाले तर हार्ड डिस्क, तिची केबल किंवा ती ज्या फटीत जोडली ती फट, यांजकडे वळावे.

आमचा कयास पेन ड्राइव्हवर आहे, आणि तो का ते सांगतो. स्वस्त पेन ड्राइव्ह वाचावयास चपळ असतात, पण लिहावयास अतिशय मंद. वेष्टनावर छापलेला मोठा आकडा बहुधा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा आकडा छापलेलाच नसतो. शिवाय कित्येकांत थोडीशी जागा वेगवान ठेवलेली असते. ती भरेपर्यंत कॉपी झपाट्याने चालते आणि भरली की वेग एकदम कोसळतो. पहिल्या पाच मिनिटांत हुरूप आणि मग कंटाळा, असा अनुभव येत असेल तर कारण बहुधा हेच. दुसरे एक कारण असे की, फाइली अगदी बारीक आणि असंख्य असल्या तर प्रत्येकीची नोंद करण्यात वेळ जातो. ३० हजार चिमुकली चित्रे ही एका मोठ्या चित्रफितीपेक्षा किती तरी सावकाश जातात, दोहोंचा आकार सारखा असला तरी. तसे असेल तर फोल्डरची एकच झिप फाइल करून ती पाठवावी.

येथे जरा आडवळण घेतो, कारण ही यूएसबी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ती ज्यांनी घडविली त्या इंटेल कंपनीच्या चमूत श्री. अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यांचा जन्म व शिक्षण बडोद्याचे. त्यापूर्वी छापयंत्राची फट निराळी, की-बोर्डची निराळी, माऊसची निराळी, असा कारभार असे. घरी पत्नीला साधा कागद छापताना पडणारे सायास पाहून, याहून सोपी युक्ती असली पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०१३ साली या कामाबद्दल त्यांच्या चमूला युरोपियन पेटंट कार्यालयाचा संशोधक पुरस्कार मिळाला. पेन ड्राइव्ह पहिल्या खेपेस उलटाच का बसतो, हा आपल्या सर्वांचा जिव्हाळ्याचा प्रश्न! तोही त्यांना २०१९ साली विचारण्यात आला. दोन्ही बाजूंनी बसणारी फट करावयाची तर तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्चही, म्हणून ते केले नाही, असे त्यांचे उत्तर. आणि ज्या विंडोज प्रणालीच्या नावाने आपण बोटे मोडतो, ती करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीचे भारतातील विकास केंद्र १९९८ सालापासून बाईंच्याच शहरात आहे. असो.

चाचणीत दोष फटीकडे किंवा केबलकडे निघाला, तर पुढील गोष्टी पाहाव्यात. संगणकाच्या पेटीला पुढे फटी असतात व मागेही असतात. पुढच्या फटी आतून एका तारेने मुख्य पाटीशी, म्हणजे मदरबोर्डशी, जोडलेल्या असतात आणि ही तार कधी निकृष्ट तर कधी ढिली असते. मागच्या फटी थेट पाटीवरच असतात. म्हणून हार्ड डिस्क नेहमी मागे जोडावी. निळ्या रंगाची फट बहुधा तिसऱ्या आवृत्तीची. पण रंगाची सक्ती कोणावरही नाही, तेव्हा शेजारी दोन एस कोरलेले आहेत का ते पाहणे अधिक भरवशाचे. एका फटीच्या चार करणारा हब वापरत असाल तर चाचणीपुरता तो काढून ठेवावा. चार गाड्यांनी एकच पूल ओलांडावयाचा तर वाटणी होणारच. त्यातून वीजही वाटली जाते. दुसऱ्या आवृत्तीची फट ५०० मिलिअँपिअर वीज देण्यास बांधलेली असते, तिसऱ्या आवृत्तीची ९००. हार्ड डिस्कला फिरावयास वीज पुरली नाही, तर ती अडखळते, मध्येच नाहीशी होते आणि पुन्हा प्रकट होते.

आणखी एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. तिसऱ्या आवृत्तीच्या खटक्यात जुने चार संपर्क पुढे आणि नवे पाच मागे असतात. हळूहळू, भीत भीत खुपसले तर जुने संपर्क आधी लागतात आणि संगणक कधी कधी त्यावरच समाधान मानून दुसऱ्या आवृत्तीच्या वेगाने काम सुरू करतो. तेव्हा काढून, पुन्हा सरळ आणि एका दमात बसवावे. फटीत धूळ साचली असेल तर संगणक बंद करून कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावी. तोंडाने फुंकू नये, आत ओल जाते.

केबल ही तर सर्वांत फसवी वस्तू. मोबाइलबरोबर येणाऱ्या कित्येक केबली विजेसाठी केलेल्या असतात. काहींतून माहिती मुळीच जात नाही आणि पुष्कळांतून दुसऱ्या आवृत्तीच्याच वेगाने जाते. टोक सी जातीचे, दोन्ही बाजूंनी बसणारे असले की वेग आला, असे समजू नये. २०२३ साली आलेल्या साध्या आयफोन १५ ला टोक नवे मिळाले, पण वेग दुसऱ्या आवृत्तीचाच राहिला. तेव्हा डिस्कबरोबर आलेली मूळ केबल जपून ठेवावी आणि तीच वापरावी.

संगणकात अजून विंडोज ७ असेल, तर तिसऱ्या आवृत्तीचे ज्ञान त्या प्रणालीत मुळात नाही. मदरबोर्ड करणाऱ्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आणून घालावा लागतो. विंडोज ८ पासून ते अंगचेच आहे. कॉपी चालू असताना बिनतारी माऊस अडखळू लागला, तर घाबरू नये. तिसऱ्या आवृत्तीच्या फटीतून निघणारा विद्युत् गोंगाट या माऊसच्या लहरींत मिसळतो, हे इंटेलनेच २०१२ साली दाखवून दिले आहे. माऊसचा खडा दूरच्या फटीत लावला की भागते.

इथपर्यंत वेगाची गोष्ट झाली. बाईंच्या पत्राच्या तळाशी मात्र एक ओळ आहे, तिच्याकडे आम्ही अधिक गंभीरपणे पाहतो. डिस्कमधून ‘अधूनमधून टक् टक् असा आवाज येतो’ असे त्या सहज लिहून जातात. हार्ड डिस्कच्या आत थाळ्या फिरत असतात आणि त्यांवरून वाचणारी सुई अधांतरी सरकत असते. असा आवाज, आणि त्याबरोबर काही फाइलींवर येऊन कॉपी थबकणे, ही डिस्क थकल्याची खूण असू शकते. एकच ठिकाण ती पुनःपुन्हा वाचू पाहते, म्हणूनही वेग कोसळतो. तसे असेल तर चाचण्या करीत बसणे इष्ट नव्हे. बाई, सर्वांत मोलाचे जे दोन-चार फोल्डर असतील ते आधी काढून घ्या. आणि पेन ड्राइव्हवर नव्हे, संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर. जी फाइल अडेल ती सोडून पुढे जा. संगणक ‘डिस्क दुरुस्त करू काय?’ असे विचारील, तेव्हा नकार द्या. थकलेल्या डिस्कवर दुरुस्तीची कसरत घातली तर ती पुरती बसण्याचा धोका असतो. आवाज सारखा येऊ लागला तर ताबडतोब थांबून, माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ती न उघडता द्यावी. फ्रीजमध्ये ठेवणे, टिचक्या मारणे असले उपाय लोक सांगतात, ते करू नयेत.

डिस्क शांत असेल तर ११ तास लागेनात का! रात्री झोपण्यापूर्वी कॉपी लावून द्यावी, संगणक आपोआप झोपी जाण्याची व्यवस्था त्या रात्रीपुरती बंद करावी आणि वीज जाण्याची भीती असल्यास यूपीएस जोडावा. घाई भावाच्या गाडीची आहे, फोटोंची नाही.

खरेदी करावयाची झालीच तर ती संगणकाची नव्हे, एका नव्या डिस्कची करावी. पाठवावयासही पेन ड्राइव्हपेक्षा तीच बरी. सिकंदराबादेत पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरात आणि कोठीच्या गुजराती गल्लीत असल्या वस्तूंची दुकाने ओळीने आहेत. पावती व हमी मागून घ्यावी. फारच स्वस्त आणि फारच मोठा पेन ड्राइव्ह कोणी पुढे केला तर दूर सारावा. अंगावर १ टीबी लिहिलेले आणि आत जेमतेम ३२ जीबी, अशी बनावट निघते. ती संगणकालाही फसविते, वरवर सारे कॉपी झाल्याचे दिसते आणि फोटो उघडावयास जावे तो रिकामे. घरी आणल्यावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने ती संपूर्ण भरून तपासता येते. याला वेळ लागतो, लागू द्यावा.

कॉपी संपली की दोन्हीकडील फोल्डरवर उजवी कळ दाबून, ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या व आकार जुळतो का ते पाहावे. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे दहा-पंधरा फोटो नव्या प्रतीतून प्रत्यक्ष उघडावेत. त्यानंतर खाली उजव्या कोपऱ्यातील चिन्हावरून डिस्क सुरक्षित काढण्याची आज्ञा द्यावी, तिचा दिवा व फिरणे थांबेपर्यंत थांबावे आणि मगच केबल ओढावी. मूळ डिस्क काचीगुड्यालाच राहू द्यावी, नवी भावाबरोबर जालन्यास जावी. दोन्ही एकाच पिशवीत घालून पाठवू नयेत.