आधी ब्रेक, मग इंजिन

जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांत हल्ली दोन पंथ झाले आहेत. पहिला सोवळ्यांचा. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिली पाहिजे, एक बोल्टसुद्धा परका खपणार नाही, असा त्यांचा आग्रह. दुसरा पंथ हौशी मंडळींचा. वरचा पत्रा आजोबांच्या काळचा आणि आत काल-परवाच्या गाडीचे दुप्पट ताकदीचे इंजिन, यात त्यांना पुरुषार्थ वाटतो. दोघेही एकमेकांना अडाणी समजतात. मला विचाराल तर दोघांचीही चूक एकच आहे. गाडी रस्त्यावर चालते, तिच्यात माणसे बसतात आणि समोरूनही माणसेच येतात, याचा दोघांनाही विसर पडला आहे.

हा वाद केवळ मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचा आहे, असे कुणी समजू नये. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत वडिलांनी घेतलेली फियाट नाहीतर अँबॅसिडर ताडपत्रीखाली अजून उभी आहे. नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून ती मिळाली होती. तिच्यातून घरातल्या मुली सासरी गेल्या, बाळंतपणाला माहेरी आल्या. ती भंगारात घालवत नाही आणि तशीच चालवायची भीती वाटते. मग मुलगा कुणा मिस्त्रीला बोलावतो, आणि मिस्त्रीच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "इंजिन बदलूया."

मी भांडतो आहे तो या पहिल्या शब्दाशी.

आधी गाडी कोणती ते पाहू. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११००, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले, तिचे इंजिन १०८९ सी.सी.चे. उत्तरपाड्याची अँबॅसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सी.सी.चे. या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि पत्रा मिळून जो एक सांगाडा होतो, तीच त्यांची चासी. म्हणजे दाराखालचा पत्रा गंजला तर केवळ शोभा जात नाही, गाडीचा कणा कमजोर होतो. त्या गंजावर लांबी भरून वर चकचकीत रंग मारणे म्हणजे मोडक्या हाडावर मलमल गुंडाळणे होय.

अशा सांगाड्यात जड डिझेल इंजिन बसवण्याची टूम पूर्वी होती, आता ताकदवान पेट्रोल इंजिनाची आहे. इंजिन मावत नाही म्हणून आडवी पट्टी कापायची, नवे भोक पाडायचे, रेडिएटर पुढे सरकवायचा. नाकावर वजन वाढते, पुढच्या स्प्रिंगा बसतात, स्टीअरिंग जड होते. फियाटचे स्टीअरिंग वर्म-रोलर पद्धतीचे. त्याच्या पेटीत आधीच झीज असते, चाकापर्यंत हुकूम पोहोचायला उशीर लागतो. मग त्यावर उपाय म्हणून भंगारातल्या छोट्या गाडीचे विजेवर चालणारे पॉवर स्टीअरिंग आणून दांड्याला वेल्डिंगचा टाका घालतात. ज्या दांड्यावर पाच माणसांचा जीव आहे, त्याला असा टाका! स्टीअरिंग हलके जरूर करावे. पण दांडा कापून जोडू नये.

आणि ब्रेक? ते बहुधा जुनेच राहतात. चारही चाकांना ड्रम, आणि १९५०-६० च्या काळातल्या बहुतेक गाड्यांप्रमाणे ब्रेकचे तेल एकाच मार्गाने चारही चाकांना जाणारे. एक नळी फुटली की पायाखालचे पॅडल थेट तळाला. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ७० ने जाऊ लागली, तर वेग दीडपटसुद्धा होत नाही. परंतु ती थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा पचवावी लागते ती जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे गणित नववीच्या मुलाला घालता येते; मिस्त्रीने मालकाला ते कधी घातले आहे काय? आपल्याला गोव्याला जायचे तर चोर्ला घाट आहे, सावंतवाडीला जायचे तर आंबोली. उतारावर ड्रम तापतो आणि लायनिंगची पकड सुटत जाते. तेथे नव्या इंजिनाची ताकद कामाला येत नाही.

हौशी मंडळी म्हणतील, खुद्द कारखान्यानेच १९९० च्या दशकात अँबॅसिडरमध्ये इसुझूचे १८०० सी.सी.चे इंजिन घातले नव्हते का? घातले होते, पण त्याबरोबर पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही दिला होता, आणि तशी गाडी विकण्याआधी तिची चाचणी घेण्याची जबाबदारी कारखान्याची होती. कोपऱ्यावरच्या वेल्डरच्या कामाची चाचणी गिऱ्हाईकच घेते, तीसुद्धा बायकामुलांना मागे बसवून.

हेच उदाहरण सोवळ्यांनाही लागू आहे. कारखान्याने स्वतःच गाडी बदलत नेली, तर तुमचे 'मूळ' कोणत्या सालचे? पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, दुहेरी मास्टर सिलिंडर, सीटला पट्टे, बरे टायर, उजेड पडेल असे दिवे, एवढ्याने गाडी बाटत नाही. आपण दोन भाषांत वाढलेली माणसे. कन्नडचा शब्द आला म्हणून आपली मराठी बुडाली नाही. वाक्याचा सांगाडा आपला राहिला म्हणून ती आपली राहिली. गाडीचेही तेच आहे.

मग कोणता बदल चालेल आणि कोणता नाही? ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने अनेक वर्षे यासाठी एक गुणपत्रिकाच वापरली. फेरफार केलेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर किमान आठ गुण हवेत. मूळ चासी किंवा सांगाड्याला पाच गुण, स्टीअरिंगला दोन, आणि इंजिनाला फक्त एक! गाडीची ओळख कशात असते, याचा हा सरकारी निवाडा आहे. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेची तुरिनची सनदही हेच सुचवते, की बदल करावा लागलाच तर तो पुन्हा उलटवता येण्याजोगा असावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती अधिक स्पष्ट केली. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, पण गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, या अटीवर. या अटीला माझा विरोध नाही. माझी तक्रार निराळी आहे. सी.एन.जी. किंवा बॅटरीचे किट बसवायला कायद्यात उघड वाट आहे. जुन्या गाडीला चांगला ब्रेक बसवायला तितकी उघड वाट नाही. परिणामी प्रामाणिक मालक कचरतो, आणि इंजिन कापून बसवणारा मात्र रात्रीतून काम उरकून मोकळा होतो. सरकारने सुरक्षिततेच्या सुधारणांची यादी करावी, ठरलेले भाग, ठरलेली तपासणी आणि आर.सी. बुकात नोंद अशी पद्धत घालावी. ही मागणी जुन्या गाड्यांच्या संघटनांनी मेळाव्यातल्या हारतुऱ्यांआधी केली पाहिजे.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे करू. गाडी उचलून आधी तळ पाहावा. गंजलेला पत्रा कापून नवा जोडावा. मग ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर, लायनिंग. मग स्टीअरिंगची पेटी आणि टायरॉडचे सांधे. ब्रेकची पद्धतच बदलायची असेल तर नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीत आधी विचारावे. इंजिन शेवटी, आणि तेही बदलण्यापेक्षा बोअर करून, रिंग-पिस्टन घालून सुधारावे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाचे काम जाणणारे हात आहेत. त्यांना हे काम मिळाले तर गाडीही जगेल आणि ती विद्याही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावा आणि काय बदलले ते वहीत लिहावे, म्हणजे पुढे गाडी विकताना खोटे बोलावे लागणार नाही.

या दिवाळीत ताडपत्री काढाल तेव्हा बॉनेट सर्वांत शेवटी उघडा. आधी खाली वाकून चाकांकडे पाहा.