पन्ह्याची कांडी

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यात बसली की अक्षय्यतृतीयेपर्यंत पुण्यातील जुन्या वळणाच्या घरांतून हळदीकुंकवाची जी लगबग चालते, तिच्यात कैरीची वाटली डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी आणि पन्हे हे जिन्नस इतक्या नेमाने आढळतात की, ऋतुमानाप्रमाणे आहार योजण्याची केवढी सूक्ष्म जाण या शिरस्त्यामागे उभी आहे, याचा विचार करण्याचेही आपल्याला सहसा सुचत नाही. कैरी उकडावी, गर कुस्करून त्यात गूळ, मीठ व वेलदोड्याची पूड घालावी, आणि माठातल्या पाण्यात तो कालवून उन्हातून आलेल्याच्या हाती द्यावा, ही कृती दिसावयास लहान; परंतु घामावाटे गेलेले पाणी व क्षार, थकलेल्या शरीराला हवी असलेली साखर आणि कोरड्या पडलेल्या तोंडाला हवे असलेले आम्ल, या साऱ्यांची तजवीज तिने एकाच पेल्यात केलेली असते. अलीकडे या समारंभांतली एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली आहे. मोठी माणसे वाखाणणी करीत पेले रिकामे करतात, आणि मुले तोच पेला ओठांना लावल्यासारखे करून खाली ठेवतात व कोपऱ्यावरच्या दुकानातील फ्रीजरकडे धाव घेतात. तेथे प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेले तांबडे, हिरवे, नारिंगी साखरपाणी त्यांना थोडक्या पैशांत मिळते.

मुलांना पन्ह्याची चव नावडती झाली, असा याचा अर्थ मी करीत नाही. आमच्याच इमारतीतल्या एका गृहिणीने गेल्या चैत्रात पन्हे साच्यांत ओतून, काडी खोवून गोठवले आणि हळदीकुंकवाच्या संध्याकाळी ताटात मांडले, तेव्हा पेल्याकडे पाठ फिरवणाऱ्या त्याच मुलांनी त्या ताटाभोवती जी गर्दी केली, ती पाहिल्यावर माझी खात्री पटली की, त्यांची तक्रार पन्ह्याविषयी नसून ते कसे दिले जाते याविषयी आहे. त्यांना ते हातात धरून, चोखत, हिंडत खावयाचे आहे. ही मागणी मला सर्वथैव रास्त वाटते. पन्हे, कोकमाचे सरबत, वाळ्याचे पाणी, सब्जा घातलेले लिंबाचे सरबत ही आपल्या घरांची उन्हाळ्याची विद्या पेल्यातच बंदिस्त ठेवण्याचा आग्रह आपण धरला, तर ती पुढच्या पिढीच्या हाती लागणार नाही; आणि घरोघरी फ्रीज असताना तिला कांडीवर चढवणे ही काही अवघड बाब नाही.

शिवाय आईसकांडी हे तत्त्वतः गोठवलेले सरबतच होय. १९०५ साली कॅलिफोर्नियात फ्रँक एपर्सन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाने सोड्याची पूड पाण्यात कालवली, ढवळण्याची काडी तशीच ठेवून पेला रात्रभर ओसरीवर विसरला, आणि कडाक्याच्या थंडीने सकाळी त्याच्या हाती पहिली कांडी आली, अशी कथा सांगतात. त्याचे पेटंट त्याने पुढे १९२४ मध्ये घेतले. म्हणजे हा पदार्थ जन्मतःच घरचा आणि मुलाच्या हातचा आहे. आपल्याकडे बर्फ प्रथम श्रीमंतांच्या पंक्तीला आला. १८३४ मध्ये अमेरिकेहून जहाजाने आणलेला बर्फ मुंबईस उतरला, जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानीत त्याच सुमारास आईस्क्रीम वाढले गेले, आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाल्याचे वृत्त ‘मुंबई समाचार’ने दिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. पुण्यातील वाड्यांत हा थंडावा लाकडी पॉटाच्या रूपाने रुळला. लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी फोडावयाची, तिच्यात जाडे मीठ घालावयाचे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत जमलेल्या भावंडांनी आळीपाळीने दांडा फिरवावयाचा, हा ज्यांनी अनुभवलेला सोहळा आहे त्यांना ठाऊक असते की, थंड पदार्थ घरी करण्यात जो आनंद आहे त्याचा मोठा वाटा करण्यातच असतो. मिठाने बर्फाचे तापमान शून्याखाली एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते, हे पदार्थविज्ञान त्या मुलांना पुस्तकाआधी हाताच्या बोटांनी शिकवले.

विकतच्या कांडीविषयी माझा आक्षेप काय, हे स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. कृत्रिम रंग घालण्यास कायद्याची सरसकट मनाई नाही. ठरावीक रंग दहा लाख भागांत शंभर भाग या मर्यादेत वापरण्याची मुभा आहे, आणि नियम पाळून माल करणारे कारखानदार आहेत. परंतु ज्या नळीवर धड नाव-पत्ता नसतो, तिच्यात कोणते पाणी व किती रंग, याची खातरजमा शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाने कशी करावी? गोठवल्याने जंतू मरतात, ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. थंडीने बहुतेक जंतूंची वाढ थांबते, ते निद्रिस्त होतात, आणि जिभेवर बर्फ वितळला की पुन्हा जागे होतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले, दूषित पाण्याचा संशय बळावला आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, तेव्हा पाणी उकळून पिण्याचा साधा उपदेश साऱ्या शहराला नव्याने करावा लागला. पुणेकरांनी तो प्रसंग इतक्या लवकर विसरू नये. २०१८ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा हुकूम काढला होता. तो उत्तमच होता, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी त्याची कसोशीने अंमलबजावणी व्हावयास हवी. मात्र गारेगार विकणाऱ्या हातगाडीवाल्याला या प्रकरणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. बर्फ तो बनवीत नाही, विकत घेतो. त्याला स्वच्छ बर्फ वाजवी भावाने मिळण्याचा बंदोबस्त करणे हे शासनाचे काम, आणि आपल्या मुलांना काय द्यावयाचे हे ठरवणे आपले.

आता कृतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या बाबतीत उत्साह पुष्कळ आणि समज थोडी असल्यामुळे पहिल्याच प्रयोगात दगडासारखी कांडी हाती येऊन लोक तो नाद सोडून देतात. लहानपणी आपण सर्वांनी पाहिले आहे की, रंगीत कांडी जोराने चोखली की तिचा रंग व गोडी एकदम तोंडात येते आणि हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. याचे कारण असे की, पाणी गोठताना शुद्ध पाण्याचेच स्फटिक बनतात आणि साखर व रंग त्यांच्या फटींतून दाट पाकाच्या रूपाने अडकून राहतात. फ्रीजरमध्ये सावकाश गोठणाऱ्या पातळ सरबतात हे स्फटिक मोठे, फटीही रुंद, म्हणून पाक चटकन ओढला जातो. फळाचा गर मुबलक असेल तर त्यातील तंतू व पेक्टिन हे पाणी धरून ठेवतात, स्फटिकांना फार वाढू देत नाहीत, आणि कांडी शेवटच्या घासापर्यंत एकसारखी लागते. घरच्या कांडीचे श्रेष्ठत्व नेमके येथे आहे. गर हा महाग जिन्नस असल्यामुळे बाजारू मालात तो हात आखडून घातला जातो. घरी त्याला कोणाची आडकाठी नाही.

साखरेचे प्रमाण मात्र जपावे. फळातली धरून शंभर ग्रॅम मिश्रणात पंधरा ते अठरा ग्रॅम साखर असली म्हणजे कांडीला दात लागतो. फार कमी झाल्यास ती कठीण होते, फार झाल्यास काडीवर ठरत नाही. थंडीने जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती मंदावते, म्हणून ओतण्यापूर्वी मिश्रण पेयापेक्षा किंचित अधिक गोड लागले पाहिजे. गुळात ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करांचाही अंश असतो आणि त्या गोठणबिंदू अधिक खाली नेतात. पन्ह्याची कांडी लिंबाच्या कांडीहून मऊ लागते ती यामुळेच. पन्ह्यासाठी एक भाग कैरीच्या गराला दोन भागांहून अधिक पाणी घालू नये.

वनस्पतींच्या सुगंधाचा विचार निराळा आहे. पुदिना व तुळस उकळू नयेत, त्यांचा गंध वाफेबरोबर निघून जातो. पाक आचेवरून उतरवून त्यात पाने टाकावीत, झाकण ठेवावे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाळून घ्यावे. गवती चहा व आले उकळी सहन करतात. वाळ्याची गोष्ट सर्वांत हळुवार: मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून मिळणारी ही मुळे स्वच्छ धुऊन, उकळून निवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवली म्हणजे पहिल्या पावसात ओलावलेल्या मातीचा जो गंध त्या पाण्याला येतो, त्याला लिंबाच्या दोन थेंबांखेरीज दुसऱ्या कशाचीही सोबत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सब्जा भिजवून फुगल्यावर लगेच ओतला तर तळाशी बसतो. मिश्रण अर्धवट गोठून लापशीसारखे झाले की मग तो ढवळावा, आणि काडीही त्याच वेळी खोवावी म्हणजे ती सरळ उभी राहते. साचे तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत मिळतात. न मिळाल्यास स्टीलचे छोटे पेले पुरेत. काडीच्या जागी सोललेल्या उसाची बारीक चिरफळी लावली तर मुले तीही चघळून संपवतात.

या सर्व फळांत माझा पक्षपात करवंदांकडे आहे, हे मी लपवीत नाही. डोंगरची काळी मैना म्हणून जिची आरोळी सिंहगडाच्या वाटेवर एप्रिल-मे महिन्यांत ऐकू येते, तिचे द्रोण विकणाऱ्या बायका मुळशी, वेल्हे, मावळ या भागांतल्या डोंगरउतारांवरून भल्या पहाटे काट्यांत हात घालून ती वेचतात. फळ इतके नाजूक की दुसऱ्या दिवशी पाणी सोडते, आणि म्हणून संध्याकाळी पाटीत जे उरते ते पडेल त्या भावाने देऊन टाकावे लागते किंवा फेकावे लागते. द्रोणासाठी जे फळ मऊ पडून निरुपयोगी झाले, तेच कांडीसाठी सर्वोत्तम असते. पूर्ण काळी करवंदे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून त्यांचा चीक घालवावा, अगदी थोड्या पाण्यात एक वाफ द्यावी आणि पुरणाच्या चाळणीतून गाळून घ्यावी. बिया व साल वर राहतात, खाली दाट किरमिजी गर उतरतो; त्यात साखर, चिमूटभर सैंधव आणि आल्याचा रस घातला की दुसऱ्या कोणत्याही रंगाची वा संरक्षक द्रव्याची आवश्यकता राहत नाही. करवंदात पेक्टिन भरपूर असल्यामुळे ही कांडी विलक्षण मऊ होते. शहरातील घरांनी हा संध्याकाळचा माल नेमाने विकत घेण्याची वहिवाट पाडली, तर त्या बायकांच्या पदरात दिवसाअखेर चार पैसे अधिक पडतील. आणि ज्या झुडपाला काहीच मोल नाही असे मानून जमीन सपाट करताना प्रथम उपटले जाते, त्याला मोल आहे असे म्हणावयास गावाजवळ काही आधार राहील.

घरातील वडीलधारी मंडळी हरकत घेतील की थंडाने घसा बसतो, अग्नी मंद होतो. त्यांचा अनादर करण्याचे कारण नाही. उन्हातून आल्या आल्या किंवा जेवणावर लगेच कांडी देऊ नये, हा त्यांचा दंडक मुकाट्याने पाळावा, सर्दी विषाणूंनी होते हेही मुलांना सांगावे. साखरेविषयीची हरकत अधिक वजनदार आहे. साठ मिलिलिटरच्या कांडीत सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे साखर जाते, आणि गूळ घातल्याने ती साखर नाहीशी होत नाही. यावर उपाय एकच, दुपारी एक कांडी, तीही लहान साच्यातली.

माझी सूचना एवढीच की, हे काम आईवर सोपवून मुलांनी ताटाशी बसावे असे न करता, करवंदे गाळण्यापासून काडी खोवण्यापर्यंत ते मुलांच्या स्वाधीन करावे, चुलीपाशी मात्र मोठ्यांनी उभे राहावे. सोसायट्यांतून सुट्टीत जी शिबिरे भरतात, त्यांच्यात कागदाच्या फुलांना जागा मिळते तशी एक दुपार याला मिळावी. हंगाम जूनमध्ये संपला असे मानून साचे माळ्यावर टाकू नयेत. जांभळे पाऊस लागल्यावर येतात, आणि तेव्हा थंड खाण्याला कोणी धजावत नाही. पण बिया काढून, साखर लावून त्यांचा गर घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवला तर तो ऑक्टोबरपर्यंत उत्तम राहतो, आणि पुण्याचा ऑक्टोबर किती तापतो हे पुणेकरांना सांगावयास नको. त्यानंतर मंडईत आवळे येऊ लागतात. आवळ्याचा रस, आले आणि सैंधव यांची कांडी मी अद्याप कोणाकडे खाल्लेली नाही, ती होईल अशी माझी अटकळ आहे, आणि यंदा कार्तिकात ती घरी करून पाहण्याचे आम्ही मुक्रर केले आहे.