मतदानाआधी घोषणा, निकालानंतर छाननी

मुक्ताईनगर : पंपाच्या पाण्यावर केळी पिकवणाऱ्या या तालुक्यात वीजबिल हा जिव्हाळ्याचा विषय आहे. २००४च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे सरकारने कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. सत्ता राखल्यानंतर, २००५मध्ये विलासराव देशमुख सरकारने आर्थिक बोजाचे कारण देत ती बंद केली.

२० वर्षांनी तोच क्रम दिसला. २०२४च्या निवडणुकीआधी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आणि ‘लाडकी बहीण’चे दरमहा १,५०० रुपये आले. प्रचारात २,१०० रुपयांचा शब्द दिला गेला. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात तो नव्हता. त्यात ४५ हजार कोटींहून अधिक महसुली तूट मात्र होती. लाभार्थींची कसून छाननीही निकालानंतरच सुरू झाली.

अडचणीतील घराला १,५०० रुपयांचा आधार मोठा असतो. ते घेणाऱ्या बहिणीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न आहे तो क्रमाचा. पैसा कोठून येणार आणि पात्र कोण, हे मतदानानंतर ठरत असेल, तर मतदाराने कौल नेमका कशावर दिला? अशाने कापसाच्या भावाचा जाब विचारणारा नागरिक केवळ लाभार्थी उरतो. रकमेआधी हिशेब मागितला गेला, तरच हा क्रम बदलेल.