सलाईनची सुई: सिस्टरांना प्रशिक्षण हवंच, पण तेवढ्याने भागेल का?

घोडपदेवच्या माझ्या दवाखान्यात डिस्चार्ज घेऊन आलेले रुग्ण बऱ्याचदा मूळ आजाराबद्दल आधी बोलत नाहीत. बाही वर करून हात दाखवतात. सुई होती तिथे लालसर, दुखरी जागा आणि शीर दोरीसारखी कडक झालेली. "डॉक्टर, सलाईन आऊट झालं होतं," असं घरचे सांगतात. सलाईन शिरेबाहेर गेलं की आजूबाजूला फुगवटा येतो. शीर कडक होऊन दुखते तेव्हा शिरेलाच सूज आलेली असते. बहुतेकदा ती आपोआप उतरते. क्वचित जंतू तिथून रक्तात शिरतात आणि मग प्रकरण गंभीर होतं.

खरं तर हातात सुई राहतच नाही. ती काढून घेतात, आत राहते ती प्लास्टिकची बारीक नळी. वॉर्डात तिला इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दाखल रुग्णांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी अशी नळी लागते. तरीही हातापायातल्या नळीपासून होणारा संसर्ग टाळण्यासाठी संघटनेची पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आली ती मे २०२४ मध्ये. नळी घालणाऱ्या आणि सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे.

या प्रशिक्षणात शिकवायचं असतं ते साधंच: हात धुणं, त्वचा जंतुनाशकाने पुसून वाळू देणं, इंजेक्शन देण्याआधी नळीचं तोंड पुसणं, पट्टीवर तारीख लिहिणं, प्रत्येक पाळीत जागा बघणं. माझ्या मते शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "तीन दिवस झाले, नळी बदला" असा नियम अनेक ठिकाणी असतो. ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर झालेल्या, २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या अभ्यासात काहींची नळी तिसऱ्या दिवशी बदलली, तर काहींची गरज पडली तेव्हाच. दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचं प्रमाण सारखंच निघालं, ७ टक्के. पण गरज पडेल तेव्हा बदलायची, तर रोज कोणीतरी नीट बघायला हवं.

अडचण इथेच आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, म्हणजे एका पाळीत साधारण नऊ जणांमागे एक. आपल्या भागातले लोक जातात ते जे.जे., नायर, केईएम ही तिन्ही अध्यापन रुग्णालयंच. भेटीच्या वेळी सरकारी किंवा पालिकेच्या वॉर्डात गेलात तर खाटा मोजा आणि सिस्टर मोजा. कार्यशाळेचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून सिस्टरला चार हात फुटत नाहीत. प्रशिक्षणाची बातमी वाचली की मी आधी विचारतो, माणसं किती वाढवली?

तोवर नातेवाइकांनी एक करावं. राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारावं, "गोळ्या सुरू झाल्यात, आता ही नळी लागणार आहे का?" "राहू दे, लागली तर" म्हणून ठेवलेली नळी मला सगळ्यात जास्त खटकते. जागा दुखली, लाल झाली, पट्टी ओली किंवा सैल झाली तर लगेच सिस्टरना सांगा. अमावास्येला आल्यासारखं सकाळच्या राउंडची वाट बघत बसू नका. सलाईनचं चाक स्वतः फिरवू नका. नळी काढल्यावर घरी थंडी वाजून ताप आला, पू दिसला किंवा लाल रेघ वर चढत गेली, तर शेकत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.